‘फेअर चान्स’ म्हणजे किती टक्के?

१८ नोव्हेंबर १९६०. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. जॉन केनेडी जिंकले होते, पण अगदी काठावर. जवळपास सात कोटी मतांमध्ये फरक होता सव्वा लाखाहूनही कमी. फ्लोरिडातल्या पाम बीचला त्या दिवशी सीआयएचे प्रमुख ॲलन डलेस आणि त्यांचे सहकारी रिचर्ड बिसेल त्यांना भेटायला आले. क्युबातून पळून आलेल्या लोकांना गुपचूप लष्करी शिक्षण द्यायचं आणि त्यांच्याकरवी फिडेल कास्ट्रो यांची राजवट उलथवायची, अशी एक योजना मावळते राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या कारकिर्दीत शिजत होती. ती डलेस आणि बिसेल यांनी केनेडींच्या कानावर घातली.

इथे तारीख महत्त्वाची आहे. या योजनेवर पुढे ज्यांचा सल्ला घेतला गेला, त्यांतल्या बहुतेकांची निवड तोवर झालेलीच नव्हती. संरक्षणमंत्री होणारे रॉबर्ट मॅकनमारा तेव्हा फोर्ड मोटर कंपनीत होते आणि कंपनीचं अध्यक्षपद मिळून त्यांना दीड आठवडाही झाला नव्हता. परराष्ट्रमंत्री होणारे डीन रस्क रॉकफेलर फाउंडेशनमध्ये होते, तर सुरक्षा सल्लागार होणारे मॅकजॉर्ज बंडी हार्वर्ड विद्यापीठात. डलेस मात्र जुने. त्यांना कायम ठेवत असल्याचं केनेडींनी निकालानंतर लगेच जाहीर करून टाकलं होतं. म्हणजे योजना आधी आली आणि तिची पारख करणारे मागाहून.

अमेरिकेत निवडणूक नोव्हेंबरात होते आणि शपथविधी २० जानेवारीला. मधल्या दहाएक आठवड्यांत नव्या राष्ट्राध्यक्षाला सगळी माणसं जमवायची असतात. हा अवधी किती तोकडा आहे, हे २००० साली दिसलं. बुश आणि गोर यांच्यातला मतमोजणीचा वाद ३६ दिवस चालला आणि नेमणुकांचा निम्मा वेळ त्यातच गेला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने या उशिराची दखल घेतली. आता सुरक्षा-पडताळणीसाठी संभाव्य सहकाऱ्यांची नावं निवडणुकीआधीच देता येतात. तशी सोय २००४ च्या कायद्याने झाली.

केनेडींना सल्ल्याचं मोल कळत नव्हतं, असं अजिबात नाही. सत्तांतर कसं करावं, याची टिपणं त्यांनी दोघांकडून मागवली होती, प्राध्यापक रिचर्ड न्यूस्टाट आणि वकील क्लार्क क्लिफर्ड यांच्याकडून. दोघांनी ती एकमेकांना दाखवू नयेत, असा त्यांचा आग्रह होता, कारण एकाच गोटाच्या सल्ल्यावर त्यांना विसंबून राहायचं नव्हतं. मंत्रिमंडळासाठी माणसं शोधायला त्यांनी मेहुणे सार्जंट श्रायव्हर यांना कामाला लावलं आणि देशातली तल्लख माणसं खरोखरच गोळा केली. पण त्याच वेळी आयसेनहॉवर यांनी उभारलेली समित्यांची उतरंड त्यांनी मोडीत काढली. त्यांना ती संथ आणि कागदी वाटे. प्रत्येक योजना वरच्या टेबलावर येण्याआधी ज्या चाळण्यांतून जात असे, त्या चाळण्याच त्यामुळे नाहीशा झाल्या.

फेब्रुवारी १९६१ मध्ये सेनादलप्रमुखांनी क्युबाच्या योजनेबद्दल आपलं मत लेखी कळवलं. अंतिम यशाची ‘फेअर चान्स’ आहे, असं त्यात म्हटलं होतं. वाचणाऱ्यांना वाटलं, बरी शक्यता दिसतेय, हरकत नाही. ज्या अधिकाऱ्यांनी हे मूल्यमापन केलं होतं त्यांचे प्रमुख ब्रिगेडियर जनरल डेव्हिड ग्रे यांनी पुढे सांगितलं, की त्यांच्या मनातला आकडा होता ३० टक्के. म्हणजे फसण्याची शक्यता ७० टक्के! हा आकडा कागदावर आलाच नाही.

याच सापळ्याचा शोध सीआयएतच दहा वर्षांपूर्वी लागला होता, म्हणून मला ही गोष्ट फार चुटपुट लावते. १९५१ मध्ये युगोस्लाव्हियावर सोव्हिएत गटाचा हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे, असा अहवाल शर्मन केंट यांच्या कार्यालयाने दिला. म्हणजे नेमकी किती, असं परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्याने केंटना सहज विचारलं. केंट म्हणाले, शंभरात ६५. तो अधिकारी चपापला, कारण त्याने खूपच कमी धरली होती. मग केंटनी अहवालावर एकमताने सह्या करणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांना एकेक करून विचारलं. उत्तरं २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पसरलेली निघाली. एकमत झालं होतं ते फक्त शब्दांवर. पुढे केंटनी एक तक्ताच मांडला. ‘जवळजवळ निश्चित’ म्हणजे ९३ टक्के, सहा इकडे-तिकडे. ‘संभाव्य’ म्हणजे ७५ टक्के, बारा इकडे-तिकडे. आकड्यांचा आग्रह धरणाऱ्यांना ते गणिती म्हणत आणि शब्दांच्या छटांवर भिस्त ठेवणाऱ्यांना कवी. कवींचाच जोर जास्त होता. पावसाच्या शक्यतेवर छत्री घेणारा माणूस फार तर भिजतो. इथे माणसं किनाऱ्यावर उतरवायची होती.

४ एप्रिलला निर्णायक बैठक झाली. सिनेटर विल्यम फुलब्राइट यांना केनेडींनी मुद्दाम बोलावलं होतं आणि ते या योजनेविरुद्ध सडेतोड बोलले. त्यानंतर केनेडींनी टेबलाभोवतीच्या एकेकाला मत विचारलं, पण फुलब्राइट यांच्या बाजूने ठामपणे कुणी उभं राहिलं नाही. इतिहासकार आर्थर श्लेसिंजर खोलीत होते. त्यांना योजना चुकीची वाटत होती आणि तशी टिपणं त्यांनी केनेडींना लिहूनही दिली, पण बैठकांमध्ये ते गप्प राहिले. परराष्ट्र खात्यातले चेस्टर बोल्स यांनीही विरोधाचं पत्र लिहिलं होतं. ते रस्क यांच्याकडेच राहिलं.

अशा खोलीत माणसं गप्प का बसतात, याचा एक धागा मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत सापडतो. सात-आठ जण बसलेले. समोर एक रेघ आणि बाजूला वेगवेगळ्या लांबीच्या तीन रेघा. यातली कुठली रेघ त्या पहिलीएवढी, हे मोठ्याने सांगायचं. एक सोडून बाकीचे सगळे ॲश यांचेच साथीदार आणि ठरवून चुकीचं सांगणारे. एकट्याने विचारलं तर शंभरात एखादंही उत्तर चुकत नाही इतका सोपा प्रश्न, पण या गटात खऱ्या सहभागींची एक तृतीयांशाहून अधिक उत्तरं चुकली, म्हणजे बहुमतामागे गेली. या प्रयोगाचा एवढाच भाग सगळीकडे सांगितला जातो. माझ्या मते मोलाचा भाग पुढचा आहे. गटात बरोबर उत्तर देणारा फक्त एक साथीदार मिळाला, की ही शरणागती आधीच्या सुमारे एक चतुर्थांशावर येते. ४ एप्रिलला फुलब्राइट यांना तो दुसरा आवाज मिळाला नाही.

दुसरा धागा माहितीचा. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये विद्यार्थ्यांचे चार-चार जणांचे गट केले आणि तीन काल्पनिक उमेदवारांतून विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष निवडायला सांगितलं. सगळ्यांना सगळी माहिती दिली, तेव्हा ८० टक्क्यांहून जास्त गटांनी उत्तम उमेदवार निवडला. मग तीच माहिती वाटून दिली. काही मुद्दे सगळ्यांकडे आणि काही एकेकाकडेच. आता उत्तम उमेदवार निवडणारे गट पाव हिश्शाहूनही कमी झाले. चारही जणांची माहिती एकत्र केली असती तर उत्तर समोरच होतं. पण गट बोलतो ते सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींबद्दल, आणि एकट्याकडचा मुद्दा एकट्याकडेच राहतो.

क्युबाच्या योजनेत असा मुद्दा नकाशावरच होता. मूळ बेत त्रिनिदाद गावाजवळ उतरायचा होता. तिथे एस्काम्ब्राय डोंगर लागूनच आहे आणि बेत फसला तर माणसं डोंगरात पसार होऊ शकली असती. गवगवा कमी व्हावा म्हणून मार्चमध्ये जागा बदलून ‘बे ऑफ पिग्ज’ ठरली. तिथून तो डोंगर सुमारे ८० मैल दूर, आणि मध्ये दलदल. तरीही ‘नाहीतर डोंगरात जातील’ ही समजूत केनेडींच्या मनात तशीच राहिली.

१७ एप्रिलला सुमारे १,४०० जण उतरले. तीन दिवसांत सगळं आटोपलं. शंभराहून अधिक मारले गेले आणि हजाराहून अधिक कैद झाले. २२ एप्रिलला कॅम्प डेव्हिडला आयसेनहॉवर यांनी केनेडींना नेमका प्रश्न विचारला : मंजुरी देण्याआधी सगळ्यांना समोरासमोर बसवून बाजू-विरोधी वाद ऐकला होता, की एकेकाला वेगळं भेटलात?

ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडली, तेव्हा केनेडींच्या टेबलाभोवती बरीचशी तीच माणसं होती. मॅकनमारा, रस्क, बंडी, सगळे. या वेळी मात्र पद्धत बदललेली होती. केनेडी काही बैठकांना मुद्दाम जात नसत, म्हणजे त्यांचा कल पाहून कुणी बोलू नये. गट फोडून वेगवेगळे प्रस्ताव लिहायला लावले आणि मग एकमेकांच्या प्रस्तावांतली छिद्रं शोधायला सांगितलं. सोव्हिएत नेत्यांना जवळून ओळखणारे ल्युलिन थॉम्पसन चर्चेत होते. २१ ऑक्टोबरला जनरल वॉल्टर स्वीनी यांनी हवाई हल्ल्याबद्दल आकड्यात सांगितलं : ठाऊक असलेली क्षेपणास्त्रं फार तर ९० टक्के नष्ट होतील. ‘फेअर चान्स’च्या जागी आता ९० टक्के, म्हणजे उरलेली १० टक्के सुटू शकतात, हे खोलीतल्या प्रत्येकाला एकसारखं कळलं. केनेडी हवाई हल्ल्याऐवजी क्युबाच्या सागरी नाकेबंदीच्या निर्णयावर कायम राहिले.

याच दोन प्रसंगांची तुलना करून मानसशास्त्रज्ञ आयर्विंग जॅनिस यांनी १९७२ मध्ये ‘ग्रुपथिंक’ची, म्हणजे एकमत टिकवण्याच्या ओढीने गटाची पारख बोथट होण्याची, कल्पना मांडली. ती लोकप्रिय झाली तितकी प्रयोगांत ठामपणे सिद्ध झालेली नाही. रॉडरिक क्रेमर यांनी तर नंतर खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून दाखवलं, की केनेडींच्या निर्णयात राजकीय हिशेबही मोठा होता. योजना रद्द केली असती तर कास्ट्रोंपुढे नमले, अशी टीका झाली असती. मला हा आक्षेप रास्त वाटतो. शार्लान नेमेथ यांच्या प्रयोगांनी आणखी एक दुरुस्ती सुचवली. मुद्दाम नेमलेल्या विरोधकापेक्षा मनापासून असहमत असणारा माणूस गटाला जास्त नवा विचार करायला लावतो.

मग १९६२ च्या यशात पद्धतीचा वाटा किती? एप्रिल १९६१ मध्ये मॅकनमारा यांना संरक्षण खात्यात येऊन तीन महिनेही झाले नव्हते. सेनाधिकाऱ्यांना उलटे प्रश्न विचारायचे तरी कुठल्या बळावर? ऑक्टोबर १९६२ मध्ये त्यांच्या पाठीशी एकवीस महिने होते. पद्धत आणि सराव यांचे वाटे दोन प्रसंगांवरून वेगळे काढता येत नाहीत, आणि म्हणूनच रेघा मोजायला लावणारे ते साधेसे प्रयोग राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनाही आज वाचावे लागतात.