एफएमआय ३ आणि एफएमआय ०: सर्किटचा बिघाड आणि इंजिनाचा बिघाड

यूटीव्हीच्या, म्हणजे कच्च्या रस्त्यांवर चालवायच्या छोट्या चारचाकी गाडीच्या, डॅशवर इंजिनाचा दिवा लागला, पडद्यावर ११० हा आकडा दिसला आणि लगोलग कूलंट टेम्परेचर सेन्सर बदलून टाकला, अशी हकीकत इतक्या वेळा वाचनात येते की ती आता प्रस्थापित पद्धतच वाटू लागली आहे. ही पद्धत चुकीची आहे. ११० हा आकडा अर्धाच कोड आहे, आणि कोणते काम हाती घ्यायचे हे ज्यावरून ठरते तो उरलेला अर्धा भाग बहुतेक जण टिपूनच ठेवत नाहीत.

पोलारिसच्या रेंजर किंवा आरझेडआरसारख्या गाड्यांवर दिसणारे कोड जे१९३९ या मानकाच्या पद्धतीचे असतात आणि त्यात एसपीएन व एफएमआय असे दोन आकडे असतात. एसपीएन म्हणजे तक्रारीचा विषय, हे गाडी वापरणाऱ्यांना ठाऊक असते: ११० म्हणजे कूलंटचे तापमान, १०० म्हणजे ऑइलचा दाब, १०५ म्हणजे आत येणाऱ्या हवेचे तापमान, ५१ म्हणजे थ्रॉटलची स्थिती, ६५१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा इंजेक्टर. ५१६०९६ पासून पुढचे आकडे कंपन्यांना स्वतःच्या वापरासाठी मोकळे ठेवलेले आहेत, म्हणून त्यांचा अर्थ त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच पाहावा. एसपीएनबद्दल याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

खरा घोटाळा एफएमआयमध्ये होतो. हा आकडा ० ते ३१ यांपैकी असतो आणि नेमके काय बिघडले ते सांगतो. त्यात दोन कुळे आहेत आणि ती कधीही एकमेकांत मिसळू नयेत. ३ आणि ४ हे सर्किटचे कोड आहेत. सेन्सरकडून येणारे व्होल्टेज शक्यतेच्या पलीकडे गेले आहे, म्हणजे ३ असताना फार वर आणि ४ असताना फार खाली, एवढेच ते सांगतात. इंजिन तापले की थंड आहे याबद्दल ते काहीही सांगत नाहीत, कारण त्या क्षणी इसीयूचा, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचा, त्या वाचनावर विश्वासच उरलेला नसतो. याउलट ० आणि १६ हे स्थितीचे कोड आहेत. व्होल्टेज विश्वासार्ह आहे, त्यावरून काढलेले तापमानही ग्राह्य आहे आणि ते तापमान मर्यादेच्या वर गेले आहे, असे ते सांगतात. १६ म्हणजे मध्यम गंभीर आणि ० म्हणजे सर्वाधिक गंभीर. खालच्या बाजूची याच अर्थाची जोडी १८ आणि १ अशी आहे. ज्या गाड्या पी-कोड, म्हणजे ‘पी’ अक्षराने सुरू होणारे कोड, दाखवतात त्यांतही हाच भेद आहे: पी०११७ आणि पी०११८ हे कूलंट सेन्सरच्या सर्किटचे कोड आहेत, तर पी०२१७ हा इंजिन खरोखर तापल्याचा कोड आहे.

आता सर्वांत जास्त दिशाभूल करणारी गोष्ट. ११० सोबत ३ दिसला की त्याच्या वर्णनातला ‘हाय’ हा शब्द वाचून लोक इंजिन तापल्याचा निष्कर्ष काढतात, आणि प्रत्यक्षात अर्थ नेमका उलट असतो. कूलंट सेन्सर हा तापमान वाढले की ज्याचा रोध कमी होतो असा थर्मिस्टर असतो. पुष्कळ सेन्सरांत तो नेहमीच्या तापमानाला दोन-तीन हजार ओहम असतो आणि पाणी उकळण्याच्या सुमारास दोनशेच्या आसपास उतरतो. इसीयू आतल्या एका रेझिस्टरमधून ५ व्होल्ट देतो आणि सेन्सरपाशी किती व्होल्टेज उरले ते मोजतो. वायर तुटली, पिन मागे सरकली किंवा कनेक्टर निसटला की प्रवाहच वाहत नाही, व्होल्टेज ५ ला जाऊन टेकते आणि स्कॅनर उणे ४० अंश दाखवतो. म्हणजे एफएमआय ३ असताना इसीयूला मिळणारे वाचन अतिथंडीचे असते. सिग्नलची वायर घासून चेसिसला टेकली की व्होल्टेज शून्याकडे जाते, अशक्य इतके तापमान दिसते आणि ४ नोंदला जातो. अशा वेळी अनेक गाड्या सावधगिरी म्हणून रेडिएटरचा पंखा अखंड चालू ठेवतात, आणि त्या पंख्याच्या आवाजाने इंजिन तापल्याचा गैरसमज आणखी पक्का होतो.

सर्किटचा कोड असेल तर सेन्सर मागवण्याआधी पुढील चाचणी करावी, असे माझे ठाम मत आहे. कोड ४ असेल तर सेन्सरचा कनेक्टर काढावा आणि किल्ली चालू करावी. कोड बदलून ३ झाला तर वायरिंग आणि इसीयू ठीक आहेत, दोष सेन्सरमध्ये आहे. ४ तसाच राहिला तर वायर कुठेतरी अर्थ झाली आहे, म्हणजे चेसिसला टेकली आहे, आणि नवा सेन्सर बसवून काहीही साधणार नाही. कोड ३ असेल तर कनेक्टर काढून हार्नेसच्या, म्हणजे गाडीच्या वायरींच्या जुडग्याच्या, बाजूच्या दोन्ही पिना एका वायरच्या तुकड्याने जोडाव्यात. कोड ४ झाला तर दोष सेन्सरचा, नाहीतर वायर किंवा पिन तुटलेली आहे. ही जोडणी फक्त दोन वायरींच्या थर्मिस्टर सेन्सरवरच करावी. दाबाच्या किंवा थ्रॉटलच्या तीन वायरींच्या सेन्सरमध्ये ५ व्होल्टची वायर अर्थला जोडली, तर तोच पुरवठा वापरणारे इतर सेन्सरही बंद पडतात. याच कारणाने अनेक सेन्सरांचे ४ एकाच वेळी आले, तर एकेक सेन्सर न बदलता तो सामाईक पुरवठा आधी तपासावा.

मल्टीमीटरची टोके वायरच्या आवरणात खुपसून मोजणे मला अजिबात मान्य नाही. चिखलापाण्यातून जाणाऱ्या गाडीत त्या छिद्रातून ओल आत शिरते, तांबे हिरवे पडते आणि काही काळाने तिथेच नवा कोड जन्माला येतो. मोजायचे असेल तर कनेक्टरच्या मागच्या बाजूने, सीलच्या कडेने बारीक पिन सरकवून मोजावे. प्रेशर वॉशरची धार थेट कनेक्टरवर मारण्याची सवयही अशीच नडते.

स्थितीचा कोड असेल तर काम वेगळे असते. रेडिएटरच्या जाळीत वाळलेला चिखल आणि गवत, कमी झालेले कूलंट, न फिरणारा पंखा, अडकलेला थर्मोस्टॅट, या क्रमाने पाहावे. जाळी पुढून स्वच्छ दिसत असली तरी पत्र्यांच्या आत खोलवर माती बसलेली असते. ती कमी दाबाच्या पाण्याने, शक्य असेल तर मागून पुढे धुवावी. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा: रोध सरकलेला सेन्सर शक्यतेच्या कक्षेत राहूनही चुकीचे तापमान सांगू शकतो आणि त्याबद्दल ३ किंवा ४ कधीच येत नाही. म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे दिसते का, हे इंजिन सुरू करण्यापूर्वी पाहावे.

बाकीचे थोडक्यात. ५ आणि ६ हे प्रवाहाचे कोड आहेत आणि ते मुख्यतः इंजेक्टर, कॉइल, रिले यांच्यावर येतात. ५ म्हणजे बहुधा तुटलेले सर्किट, ६ म्हणजे बहुधा अर्थ झालेले. २ म्हणजे विस्कळीत किंवा विसंगत वाचन. एसपीएन १६८, म्हणजे बॅटरीचे व्होल्टेज, याच्याबाबत मोजायची गोष्टच व्होल्टेज असल्यामुळे तिथे ३ आणि ४ हेच स्थितीचे कोड ठरतात. विंच चालवताना १६८ सोबत ४ आला आणि त्याच वेळी इतर कोडही आले, तर आधी बॅटरी आणि तिची टर्मिनले पाहावीत.

आणि कोड पुसण्यापूर्वी दोन्ही आकडे, तो सक्रिय आहे की जुना साठलेला आहे, आणि तो किती वेळा आला, हे सारे लिहून ठेवावे. आधी कोड पुसून मग मदत मागणाऱ्याला काहीही सांगता येत नाही, कारण सर्किट पाहायचे की रेडिएटर हे ठरवणारा आकडाच त्याने पुसून टाकलेला असतो.