‘पासवर्ड लावलेली फाइल’ : एका शब्दप्रयोगाची पार्श्वभूमी

नौपाड्यातील करसल्लागार किंवा वाशीतील एखाद्या सोसायटीचा सचिव ‘फाइलला पासवर्ड लावला आहे’ असे म्हणतो, तेव्हा पासवर्ड आणि किल्ली या दोन निराळ्या गोष्टी एक धरल्या जातात. पासवर्ड माणसाच्या लक्षात राहतो. फाइल मात्र त्यापासून गणिताने तयार होणाऱ्या किल्लीने कूटबद्ध होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात बदलते. (एक्सेलमधील ‘प्रोटेक्ट शीट’ने तर मजकूर कूटबद्ध होतच नाही.)

५६ बिटांच्या (म्हणजे ५६ शून्य-एकांच्या) किल्लीचे कूटबद्धीकरणाचे अमेरिकी मानक १९७७ मध्ये आले, १९९८ मध्ये खास बनवलेल्या यंत्राने तीन दिवसांच्या आत भेदले गेले आणि २००१ मध्ये एईएस हे नवे मानक ठरले. आपल्याकडच्या कार्यालयांवर अधिक परिणाम झाला तो मात्र दुसऱ्याच निर्णयाचा. भक्कम कूटबद्धीकरणावरील अमेरिकेच्या निर्यात निर्बंधांमुळे १९९७ च्या ‘मायक्रोसॉफ्ट ऑफिस’मध्ये किल्ली ४० बिटांची ठेवली गेली. निर्बंध २००० मध्ये शिथिल झाले, तरी २००३ च्या आवृत्तीतही वापरणाऱ्याने स्वतः बदल केला नाही तर वर्ड आणि एक्सेल तीच जुनी पद्धत वापरत. ही सोय जुन्या फाइली सर्वत्र उघडाव्यात म्हणून होती हे मान्य केले, तरी वापरणाऱ्याला त्याची स्पष्ट कल्पना न देणे चुकीचेच होते. पासवर्ड वीस अक्षरी असला, तरी संभाव्य किल्ल्या सुमारे १.१ लाख कोटीच उरत आणि आजच्या संगणकाला तेवढ्या तपासून पाहणे जड नाही. त्या काळातील ‘.xls’ ताळेबंद कोणी अजून जपून ठेवले असतील, तर ते नव्या स्वरूपात पुन्हा कूटबद्ध करावे लागतील.

‘ऑफिस’मध्ये २००७ पासून एईएस आले, आणि पासवर्डपासून किल्ली काढताना तीच गणिती क्रिया ५०,००० वेळा, २०१० पासून एक लाख वेळा होऊ लागली, जेणेकरून प्रत्येक अंदाजाला वेळ लागावा. किल्ली भक्कम झाल्यावर दुबळेपणा पासवर्डकडे सरकला. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. नाव ठाऊक असणाऱ्याला जेमतेम शंभर वर्षे तपासायची असतात. अशी फाइल पुढे पाठवण्यापूर्वी स्वतंत्र, लांब पासवर्डने पुन्हा कूटबद्ध करावी आणि तो पासवर्ड त्याच ई-मेलमध्ये न लिहिता फोनवर सांगावा.