दोन हजार कुठे गेले? कौशल विकास आणि सीखो-कमाओमधला फरक

परवा खालच्या काकू मोबाइल घेऊन वर आल्या. बँकेचा मेसेज होता: ६,००० जमा. "आठ हजार म्हणाले होते ना? मग दोन कुणी खाल्ले?" मुलगा बारावी पास, सांवेर रोडच्या एका कारखान्यात शिकायला जातो.

मेसेजमध्ये काहीच चुकीचं नव्हतं. मुलगा आहे राज्य सरकारच्या ‘मुख्यमंत्री सीखो-कमाओ’ योजनेत आणि काकूंच्या मनात होती केंद्राची ‘प्रधानमंत्री कौशल विकास योजना’. इंदूरच्या आपल्या घरांतून दोन्हींना सर्रास ‘ती सरकारी ट्रेनिंग’ म्हणतात, तिथेच घोळ होतो.

कौशल विकासात मुलगा सेंटरवर शिकतो. शिवण, इलेक्ट्रिशियन असे कमी मुदतीचे कोर्स असतात आणि शेवटी परीक्षा होऊन सर्टिफिकेट मिळतं. शिकवण्याचा खर्च सरकार सेंटरला देतं, म्हणून फी नसते. कुणी मागितली तर सरळ नाही म्हणा. २०१५च्या पहिल्या फेरीत पास होणाऱ्याला सरासरी ८,००० रुपये बक्षीस मिळायचं. लोकांच्या डोक्यात तो आठाचा आकडा अजून आहे.

सीखो-कमाओ २०२३ची. इथे वर्ग नाही, थेट कंपनीत काम करत शिकायचं, साधारण वर्षभर. वय १८ ते २९, मध्य प्रदेशचा रहिवासी, किमान बारावी किंवा आयटीआय. बारावीला महिना ८,०००, आयटीआयला ८,५००, डिप्लोमाला ९,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये. हा पगार नाही, स्टायपेंड आहे. त्यातले ७५ टक्के राज्य सरकार थेट मुलाच्या खात्यात टाकतं आणि २५ टक्के कंपनीनं टाकायचे असतात. म्हणजे काकूंच्या मेसेजमधले ६,००० सरकारचे होते. उरलेले २,००० कारखान्याकडून वेगळे यायला हवेत, आणि ते आले का हे दर महिन्याला बघायलाच हवं. सरकारचा मेसेज आला की पोरं समाधानानं मोबाइल खिशात ठेवतात आणि कंपनीचा हिस्सा राहून जातो.

मला मनापासून खटकतं ते वेगळंच. दहावीत शाळा सुटलेल्या, आयटीआयही न केलेल्या पोराला सीखो-कमाओचं दार बंद. त्याच्यासाठी कौशल विकास आहे, पण तिथे महिन्याचा स्टायपेंड नाही, आणि शिकताना दर महिन्याला पैसे यायला हवेत ते नेमके त्याच्याच घरात.

काकू खाली गेल्या आणि पासबुक घेऊन परत आल्या. तीन महिन्यांत सहा-सहा हजारांच्या तीन नोंदी. दोन हजारांची एकही नाही. सोमवारी मुलगा तेच पासबुक घेऊन कारखान्याच्या ऑफिसात जाणार आहे.