चित्रपटांतील व्यसन

चित्रपटांतील व्यसन : दारू, तंबाखू, अमली पदार्थ, जुगार, मोबाइल यांच्या आहारी गेलेल्या माणसाचे पडद्यावरील चित्रण. सगळीच व्यसने पडद्याला सारखी मानवत नाहीत. जे व्यसन माणसाला बोलते करते, रडवते, झोकांड्या खायला लावते, ते सिनेमाने आपलेसे केले. जे तोंड बंद ठेवते, ते प्रेक्षकाच्या खिशातच राहिले. नागपुरात हा फरक चटकन लक्षात येतो, कारण इथे खर्रा, म्हणजे चघळायचे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, आहे.

मराठी प्रेक्षकाच्या मनातला दारुड्या सिनेमाआधी रंगभूमीवर घडला. ‘एकच प्याला’चे लेखक राम गणेश गडकरी यांचे निधन जानेवारी १९१९ मध्ये नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे झाले. नाटक रंगभूमीवर आले ते त्यानंतर, त्याच वर्षी. वकील सुधाकराचा कोर्टात अपमान होतो, सनद जाते, व्यसनी तळीराम प्याला पुढे करतो आणि सिंधूचा संसार धुळीला मिळतो. अपमान, पहिला घोट, सोशीक बायको, मृत्यू : हा साचा पुढे बोलपटांना फार सोयीचा पडला. शरच्चंद्रांच्या ‘देवदास’वर हिंदीत १९३६, १९५५ आणि २००२ साली चित्रपट निघाले, नायक बदलले, पिण्याचे कारण मात्र प्रेमभंगच राहिले. पगाराच्या दिवशी, मित्राच्या आग्रहाने, सावजी खानावळीच्या झणझणीत तर्रीसोबत सुरू होणारी आणि मग रोजची होणारी दारू या चित्रपटांत शोधून सापडत नाही. खरे तर बहुतेक घरांना तीच माहीत असते.

दुसरा ठरलेला नमुना विनोदी दारुड्याचा. बद्रुद्दीन काझी यांनी दारुड्याची नक्कल करून गुरुदत्त यांना हसवले आणि व्हिस्कीच्या नावावरून त्यांना ‘जॉनी वॉकर’ हे पडद्यावरचे नाव मिळाले. प्रत्यक्षात ते दारूला शिवत नसत. या दारुड्याला पडद्यावर सहसा घर नसते, त्यामुळे घरी काय चालते हा प्रश्नच उद्भवत नाही. मराठीत याहून वेगळा दारुडा जब्बार पटेल दिग्दर्शित, विजय तेंडुलकर लिखित ‘सामना’त (१९७५) भेटतो. श्रीराम लागूंनी उभा केलेला मास्तर पितो, पण गावच्या सत्ताधाऱ्याला अडचणीचा प्रश्न विचारणाराही तोच. त्याच्या व्यसनाची ना कीव केलेली आहे, ना थट्टा. प्रस्तुत लेखकाच्या मते मराठी पडद्यावरचा हा सर्वांत प्रामाणिक मद्यपी होय.

अमली पदार्थांचे चित्रण ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) मधल्या हिप्पींपासून ‘उडता पंजाब’ (२०१६) पर्यंत येते. दुसऱ्या चित्रपटातील सेन्सॉरच्या कापाकापीचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने एकाच कटासह प्रदर्शनाची वाट मोकळी केली. रोजच्या साध्या सवयींना हेरॉइनच्या पंक्तीला बसवण्याचे धाडस ‘रेक्विएम फॉर अ ड्रीम’ (२०००) या अमेरिकी चित्रपटाने केले. त्यात मुलगा हेरॉइन घेतो आणि आई टीव्हीसमोर बसून वजन उतरवण्याच्या गोळ्या. घसरण दोघांचीही होते. आपल्याकडे सट्टापट्टीचा जुगार आणि मोबाइल अजून बहुधा पात्राच्या हातातली वस्तू म्हणूनच येतात.

नागपुरात चित्रित झालेला नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) हिस्लॉप महाविद्यालयाचे निवृत्त क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी वस्तीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवले, त्या कामावर बेतलेला आहे. झोपडपट्टीतल्या पोरांचे व्यसन इथे एकट्याचे दुःख म्हणून येत नाही. रिकामा वेळ, चोऱ्यामाऱ्या आणि कुंपणापलीकडचे मैदान यांच्या सोबतीनेच येते. यातले बरेच तरुण चेहरे नागपूरचेच आहेत, त्यामुळे बोलीला परकेपणाचा वास नाही.

खर्रा मात्र अजून नायकाच्या वाट्याला आलेला नाही. सुपारीचे बारीक काप, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन पानठेल्यावर घोटतात. पश्चिम महाराष्ट्रातला मावा याच जातीचा. रिक्षावाल्यापासून साहेबापर्यंत पुडी सगळ्यांकडे सापडते. पण तोंडात तोबरा असलेला नट संवाद म्हणणार कसा? हा माणूस मान वर करून हुंकार देतो, हातानेच ‘थांब’ म्हणतो. त्याला झोकांडी जात नाही, नोकरी सुटत नाही, घरात भांडण पेटतेच असे नाही. नुकसान वर्षानुवर्षे हळूहळू होते : सुपारीने गालाच्या आतले अस्तर कडक होते, जबडा उघडेनासा होतो, तिखट सोसत नाही. तर्रीच्या गावात तिखट न सोसणे ही साधी गोष्ट नव्हे. दोन तासांच्या कथेत हे बसवणे कठीण, हे मान्य. पण प्रयत्नही फारसा झालेला नाही.

चघळण्याच्या तंबाखूने पोखरलेले तोंड प्रेक्षकाने मोठ्या पडद्यावर पाहिले ते मुख्यतः चित्रपटाआधीच्या जाहिरातींत. तंबाखूची दृश्ये असलेल्या चित्रपटात सुरुवातीला आणि मध्यंतराच्या सुमारास किमान ३० सेकंदांचा इशारा दाखवणे २०१२ पासून बंधनकारक आहे. गुटख्याने तरुणपणी गेलेल्या मुकेशची जाहिरात त्यामुळेच घरोघरी पाठ झाली. पोरे तिची नक्कलही करत. एकपडदा चित्रगृहात मध्यंतरानंतर असा इशारा पुन्हा लागतो, तेव्हा बऱ्याच खुर्च्या रिकाम्या असतात. मंडळी बाहेर ठेल्यावर पुडी घोटून होण्याची वाट पाहत असतात.