चार तळहातांवरची गाडी

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. वाशीम जिल्ह्यातल्या मंगरुळपीरहून आत फुटणाऱ्या एका गावरस्त्यानं आम्ही साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, चाललो होतो. गाडी पाच सीटची, माणसं नऊ. चालवायला मामेभाऊ, शेजारी मामा, मामांच्या मांडीवर त्यांची चार वर्षांची नात आणि मागे आम्ही सहा जण एकमेकांत घुसून बसलेलो. एक वळण घेतलं आणि समोर अर्धा रस्ता सोयाबीननं पिवळा झालेला. ढिगावर कोणी गाडी घालू नये म्हणून कडेनं डोक्याएवढे दगड मांडलेले. भावानं ब्रेक दाबला, तर गाडी तशीच पुढं. त्यानं स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं, तरी गाडी नाकासमोरच घसरत राहिली आणि पहिल्या दगडाच्या वीतभर अलीकडे थांबली.

"ब्रेक लागूनच नाही राहिला बे!" भाऊ म्हणाला.

ब्रेक लागला होता. खाली उतरून पाहिलं तर पुढच्या दोन्ही चाकांमागे दाणे सारले जाऊन डांबराचे दोन काळे पट्टे उघडे पडले होते. चाकं जागच्या जागी थांबली होती, गाडी त्यांच्यासकट घसरली होती. माल राखणारा शेतकरी पावडं घेऊन आला. पांगलेले दाणे परत ढिगाकडे ओढताना तो एवढंच म्हणाला, "जरा हळू घ्या ना भाऊ, माल हाय."

त्या पट्ट्यांपाशी उकिडवं बसलं की गाडी चालवण्यातली मूळ गोष्ट दिसते. टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या भागावर. असे चार तळहात. स्टिअरिंग, ब्रेक, अॅक्सिलरेटर, गिअर, आत बसून आपण जे जे करतो ते शेवटी या चार ठिकाणीच रस्त्यापर्यंत पोहोचतं. तिथं पकड असेल तर गाडी आपलं ऐकते. नसेल तर ब्रेक कितीही नवा असो, आपण फक्त आत बसलेलो असतो.

पकड म्हणजे घर्षण. ते दोन गोष्टींवर ठरतं, चाकावर पडलेलं वजन आणि रबर व रस्ता यांची जोडी. कोरड्या डांबरावर चांगला टायर त्याच्यावरच्या वजनाच्या साधारण 70 टक्के जोर रस्त्याला लावू शकतो, ओल्या डांबरावर 40 टक्क्यांच्या आसपास. ताशी 60 किलोमीटर वेग धरला तर गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरा, ते 17 मीटर तर फुकटच गेले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला सुमारे 20 मीटर लागतात. पकड निम्मी झाली तर 40, चौथाई झाली तर 80. वेगाचा हिशेब याहून वाईट. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं, कारण गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते.

आता सोयाबीनचा दाणा घ्या. पाच-सात मिलिमीटरचा, कडक आणि गोल. रबराला डांबरातल्या खडीचे खडबडीत कोपरे पकडायचे असतात, पण मध्ये हे हजारो दाणे येतात आणि स्वतःच गडगडतात. सायकलच्या बेअरिंगमध्ये छर्रे जे काम करतात तेच काम ते इथं करतात. तूर, हरभरा यांचंही तेच. कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, पसरलेलं असेल तर घसरण्याशिवाय आणखी एक भानगड असते. ते खाली तापलेल्या सायलेन्सरपाशी गुंतलं की पेट घेऊ शकतं. म्हणून कुटारावर गाडी उभी करून पानटपरीवर जाऊ नये.

शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण त्याचंही गणित पाहा. हमीभावानं सोयाबीन विकायचं तर दाण्यातला ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. 2024 मध्ये परतीच्या पावसानंतर तो 15 टक्क्यांपर्यंत चालवून घेतला गेला, तेव्हा आमच्याकडे त्याची बरीच चर्चा झाली. शेत ओलं, अंगण अपुरं, खळी तर केव्हाच गेली. काळं डांबर ऊन पिऊन तापतं आणि वरचा माल दिवसभरात वाळवतं. गावात एवढी मोठी, फुकटची, कोरडी जागा दुसरी नाही. माझी तक्रार मालाबद्दल नाही, दगडांबद्दल आहे. संध्याकाळी माल भरून नेतात, दगड तिथंच राहतात आणि रात्री दुचाकीवाल्याला ते दिसत नाहीत.

पुन्हा भावाच्या स्टिअरिंगकडे येऊ. चाकं वळली तरी गाडी का वळली नाही? प्रत्येक टायरकडे पकडीची एक ठरावीक पुंजी असते. थांबायला आणि वळायला दोन्हीला खर्च त्याच पुंजीतून होतो. ब्रेकनं सगळी उधळली की वळायला शिल्लक शून्य. चाक पूर्ण थांबून घासायला लागलं की ते कुठल्या दिशेला तोंड करून आहे याला अर्थच उरत नाही. डब्यातली वडी ताटात कशीही फिरवून सरकवा, ती ढकलाल तिकडेच जाते, तसं.

याच अडचणीवर एबीएस, म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम, आलं. बॉश कंपनीचं हे तंत्र 1978 मध्ये मर्सिडीजच्या गाडीत पहिल्यांदा बसवलं गेलं, आपल्याकडे एप्रिल 2019 पासून नव्या मोटारींना ते सक्तीचं आहे. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर चाक किती वेगानं फिरतंय ते पाहतो. चाक अडकायला लागलं की यंत्रणा त्याचा ब्रेक क्षणभर सोडते, पुन्हा धरते, पुन्हा सोडते. हे सेकंदात अनेकदा होतं. चाक फिरतं राहतं, म्हणून वळता येतं. ते सुरू झालं की पॅडल पायाखाली खडखडतं आणि इथंच घोटाळा होतो. काहीतरी मोडलं असं वाटून माणूस पाय उचलतो. तसं करू नये, पाय दाबूनच ठेवायचा आणि स्टिअरिंगनं अडथळा चुकवायचा.

भावाची गाडी जुनी, एबीएस नसलेली. ते असतं तर गाडी लवकर थांबली असती का? दाण्यांवर आणि सुट्या मुरमावर नाही, कधीकधी अंतर उलट वाढतं, कारण अडकलेलं चाक निदान पुढ्यात ढीग सारत जाऊन त्याला अडतं. एबीएस वळायची संधी देतं, नसलेली पकड देत नाही. म्हणून खरा ब्रेक दाण्यांच्या अलीकडे, कोऱ्या डांबरावर लावायचा. वेग तिथंच मोडायचा, गिअर खाली आणायचा आणि दाण्यांवरून ब्रेक न लावता, स्टिअरिंग न हलवता, बैलबंडीच्या चालीनं सरळ पार व्हायचं.

पावसाळ्यात दाण्यांची जागा काळी माती घेते. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर चढतो तेव्हा मोठ्या चाकांना चिकटलेले चिखलाचे लपके शंभर-दोनशे मीटर पडत जातात. आपल्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे कण पातळ पापुद्र्यांचे आणि पाणी पापुद्र्यांच्या मधोमध शिरतं. म्हणून ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. हाच गुळगुळीत लेप खडीच्या खाचांत भरला की रबराला पकडायला काही राहत नाही. मृगाच्या पहिल्या सरीत तर धूळ आणि सांडलेलं तेलही त्यात मिसळतं. टायरच्या खाचा पाणी बाहेर काढायला असतात. त्यांच्या तळाशी छोटे उंचवटे दिसतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला म्हणजे खाच 1.6 मिलिमीटर उरली आणि टायर बदलायची वेळ झाली.

उन्हाळ्यात प्रश्न हवेचा. अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 च्या पुढे गेला की रस्ता 60-65 अंशांना भाजतो आणि "दुपारी हवा फुगते, दोन-चार पॉइंट कमी ठेव" हा सल्ला प्रत्येक पंक्चरवाला देतो. सल्ला चुकीचा आहे. सकाळी 25 अंशांना 32 पॉइंट भरलेल्या टायरमधली हवा 65 अंशांना तापली तर दाब 38 च्या आसपास जातो. टायर बनवणाऱ्यांनी ही वाढ धरलेलीच असते. टायर फुटतो तो बहुधा कमी हवेमुळे. हवा कमी म्हणजे टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त मुडपते. लोखंडी तार मागंपुढं वाकवली की गरम होते, तशी आतली रबर-दोऱ्यांची वीण गरम होते आणि एका क्षणी सुटते. त्यात पाचाच्या जागी नऊ माणसं आणि समृद्धी महामार्गासारखा ताशी 120 ची मर्यादा असलेला सलग रस्ता मिळाला की तापणं थांबतच नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना, दारावरच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे भरावी. पूर्ण भरलेल्या गाडीसाठीचा आकडा वेगळा असतो, तोही तिथंच असतो. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे द्यायचे का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. साध्या हवेत तो 78 टक्के असतोच.

मग रपटे, म्हणजे नाल्यावरचे ठेंगणे पूल. रपट्यावरून पाणी चाललंय, पलीकडे गाव दिसतंय, "गुडघाभर तं हाय" म्हणून कोणीतरी गाडी घालतो. हिशेब करा. गाडीचं वजन 900 किलो, तळाची लांबी साडेतीन मीटर, रुंदी दीड, म्हणजे सव्वापाच चौरस मीटर. आर्किमिडीजच्या नियमानं तळाच्या वर सुमारे 17 सेंटिमीटर पाणी चढलं की ते गाडीच्या वजनाएवढं होतं. तळ मुळातच जमिनीपासून 17 सेंटिमीटर उंच. एकूण 34. पाणी आत झिरपायला वेळ लागतो तोवर गाडी डब्यासारखी तरंगते, आणि हे गुडघ्याच्याही खाली. पण धोका तरंगण्याच्या आधीच सुरू होतो. पाणी 25 सेंटिमीटर झालं की निम्मं वजन पाण्यानं उचललं, म्हणजे चार तळहातांवरची पकडही निम्मी झाली, त्यात बाजूनं वाहतं पाणी ढकलतंय. गाडी रपट्यावरून सरकते तेव्हा इंजिन बहुतेक वेळा चालूच असतं.

चारही तळहात सुटले की पुढं काय होतं, ते आतल्या माणसांचं. गाडी झाडावर आदळून थांबते, पण आतली माणसं त्याच वेगानं पुढं चाललेली असतात. ती डॅशबोर्डवर किंवा पुढच्या सीटवर थांबतात. त्यानंतर शरीराच्या आतले अवयव बरगड्यांवर आणि कवटीवर आदळून थांबतात. ताशी 54 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 15 मीटर. गाडीचं नाक चेपत चेपत ती सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली असं धरलं, तर प्रत्येक वस्तू स्वतःच्या वजनाच्या पंधरापट जोरानं पुढं ओढली जाते. मामांच्या मांडीवरची नात 12 किलोची धरली तर तो जोर 180 किलोचा, म्हणजे डीएपी खताची 50 किलोची साडेतीन पोती. मामा अजून शेतात राबतात, हाताला पकड आहे, पण चालत्या अपघातात साडेतीन पोती दोन हातांत कोणी धरू शकत नाही. त्यातून मामांनीही बेल्ट लावलेला नव्हता. मागच्या 65 किलोच्या माणसाचा जोर जवळपास एक टन भरतो आणि तो पुढच्या सीटवरच्या माणसाच्या पाठीवर येतो.

पुढं एअरबॅग असेल तर मांडीवरच्या लेकराला ती वाचवत नाही, उलट घात करते. पापणी लवायच्या आत, सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या हिश्श्यात ती स्फोटासारखी फुगते. तो धक्का बेल्ट लावून मागं टेकलेल्या मोठ्या माणसासाठी बेतलेला असतो. लहान मूल मागेच बसवावं, त्याच्या मापाच्या खुर्चीत. बेल्ट मोठ्यांच्या मापाचा असल्यानं तो मुलांच्या गळ्यावर येतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातही 14 वर्षांखालच्या मुलांना बेल्ट किंवा अशी खुर्ची आवश्यक आहे, नाहीतर 1000 रुपये दंड. आमच्या भागात तो कोणाला झालेला मी अजून ऐकला नाही.

छाती आणि कमर दोन्ही धरणारा आजचा बेल्ट नील्स बोलिन या स्वीडिश अभियंत्यानं व्होल्वोसाठी केला, 1959 मध्ये. हा माणूस त्याआधी लढाऊ विमानातून वैमानिकाला बाहेर उडवणाऱ्या खुर्च्यांवर काम करत होता. म्हणजे आधी माणसाला बाहेर फेकायचं, मग आत धरून ठेवायचं. व्होल्वोनं ते पेटंट इतर कंपन्यांना मोकळं ठेवलं. बेल्ट थोडा ताणला जातो, थांबण्याचं अंतर वाढवतो आणि जोर छातीच्या पिंजऱ्यावर व कमरेच्या हाडावर वाटून देतो. म्हणून खालचा पट्टा पोटावर नको, हाडावर हवा. गरोदर बाईनं तो पोटाच्या खालून घ्यावा. बेल्ट हळू ओढा, सुटत येतो. झटका द्या, जागीच अडकतो. आत एक लहान वजन असतं, झटक्यानं ते सरकतं आणि दात्यात अडकतं.

न लावण्याची कारणं मात्र ठरलेली. मे महिन्यात बकल चटका देतं, हे खरं आहे. गाडी उभी करताना बेल्टवर दुपट्टा टाकून ठेवावा. दुसरं, टूं-टूं आवाज नको म्हणून बकलमध्ये नुसती क्लिप खोचणं. अशा क्लिपांची ऑनलाइन विक्री थांबवण्याचे आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2023 मध्ये दिले. आणि तिसरं मामांचं, "कायले बेल्ट? दोन कोस तं जायचं हाय."

साक्षगंध आटोपून परतताना चौघांना गावातल्या दुसऱ्या गाडीत बसवलं. मागच्या सीटवर मी, मावशी आणि मामांची नात. बेल्ट लोंबत होते, पण बकलं सापडेनात. सीटकव्हर शिवणाऱ्यानं ती खालीच दाबून टाकली होती. हात घालून चाचपडलं तर आधी भुईमुगाची टरफलं निघाली, मग एक दोन रुपयांचं नाणं, मग पहिलं बकल. मावशीचा लागला, माझा लागला. पोरीच्या मापाची खुर्ची कुठून आणणार? मध्ये बसवून कमरेचा पट्टा मांडीच्या हाडावर घट्ट केला. तिनं शेजारचा माझा बेल्ट झटक्यानं ओढून पाहिला, अडकला. हळू ओढला, सुटला. पुन्हा झटका. रस्त्यावर आता सोयाबीन नव्हतं. दगड तिथंच होते, भावानं ते दिव्याच्या उजेडात दुरूनच पाहिले आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला.