एटीकेटी मिळाली म्हणजे विषय सुटला असं नाही

निकालाच्या दिवसांत परीक्षा विभागाच्या खिडकीशी उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘मी एसवायला (दुसऱ्या वर्षाला) आहे, म्हणजे एफवाय (पहिलं वर्ष) झालंच ना?’ नाही झालं. एटीकेटीवर, म्हणजे काही विषय नापास असतानाही, पुढच्या वर्गात बसता येतं, पण म्हणून ते विषय पास होत नाहीत. कॉलेजात शिकवायला लागल्यापासून मी याचं उत्तर इतक्यांदा दिलंय, की आता ते लिहूनच ठेवतो.

तुम्ही कोणत्या वर्गात बसता ही एक गोष्ट आणि तुमच्या खात्यावर किती क्रेडिट, म्हणजे विषय पास झाल्यावर मिळणारे अंक, जमा आहेत ही दुसरी. पहिल्या गोष्टीचा कागद म्हणजे बोनाफाईड. तो दाखवून रेल्वेची सवलत मिळते, एसटीचा पास निघतो. दुसऱ्या गोष्टीचा कागद म्हणजे गुणपत्रिका. बोनाफाईडवर ‘द्वितीय वर्ष’ छापलेलं असतं आणि त्याच मुलाच्या गुणपत्रिकेत पहिल्या वर्षाचे तीन विषय नापास असतात. दोन्ही कागद खरे असतात. घोटाळा होतो तो एकावरून दुसऱ्याचा अर्थ काढल्यामुळे.

वर्गात बसणं म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक आहे : प्रवेश घ्यायचा, फी भरायची, ७५ टक्के हजेरी राखायची, सबमिशन वेळेत द्यायचं, की टर्म ग्रँट होते, म्हणजे परीक्षेला बसायची परवानगी मिळते. क्रेडिटचा हिशेबही अवघड नाही. थिअरीचे १५ तास किंवा प्रॅक्टिकलचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट. यात कोणी फारसं अडखळत नाही.

अडखळतात ते एटीकेटीपाशी. मुंबईकडे ‘केटी लागली’ म्हणतात, पुण्याकडे ‘बॅक राहिला’. मूळ शब्द पाहा : अलाऊड टू कीप टर्म्स. म्हणजे पुढच्या वर्षाची टर्म भरायला परवानगी. राहिलेल्या विषयाबद्दल यात चकार शब्द नाही. परवानगी वर्गाची मिळते. विषयाचे क्रेडिट शून्यच राहतात, आणि ते अर्धेमुर्धे मिळत नाहीत. चार क्रेडिटच्या पेपरात पासिंगला दोन गुण कमी पडले म्हणून साडेतीन क्रेडिट कोणी देत नाही. चार, नाहीतर शून्य.

ही परवानगी कशावर मिळते, तिथे दुसरी चूक होते. पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये, म्हणजे त्या वर्षीच्या अभ्यासक्रमात, दुसऱ्या वर्षाला जायला पहिल्या वर्षाचे निम्मे क्रेडिट लागतात. निम्मे क्रेडिट, निम्मे विषय नाही. मुलं मात्र विषय मोजतात. समजा, वर्षाला ४४ क्रेडिट आहेत : चार-चार क्रेडिटचे सात पेपर आणि दोन-दोनचे आठ. एकीचे दोनचे आठही सुटले आणि चारचा एक सुटला. पंधरापैकी नऊ पेपर पास, क्रेडिट २०. हवेत २२. ती अडकली. दुसरीचे चारचे पाच आणि दोनचा फक्त एक सुटला. पंधरापैकी सहाच पेपर, पण क्रेडिट बरोबर २२. ती पुढे गेली. म्हणून पुनर्परीक्षेचा फॉर्म भरताना आधी चार क्रेडिटचे पेपर उचला, असं मी प्रत्येकाला सांगतो. ‘सोपा आहे म्हणून आधी दोनवाला काढतो’ हा हिशेब मला अजिबात पटत नाही.

तिसऱ्या वर्षाच्या दाराशी नियम आणखी कडक होतो. त्याच पॅटर्नमध्ये तिथे दुसऱ्या वर्षाचे निम्मे आणि पहिल्या वर्षाचे सगळेच्या सगळे क्रेडिट लागतात. ‘एफवायचा एकच तर राहिलाय, बघू नंतर’ म्हणत वर्षभर ढकललेला तो छोटा पेपर इथे अख्खं वर्ष अडवतो. मला सगळ्यात जास्त वाईट या मुलांचं वाटतं, कारण ती हुशार असतात आणि त्यांना कोणी वेळेवर सांगितलेलं नसतं. विद्यापीठ आणि शाखा बदलली की आकडे बदलतात. तेव्हा सिनिअरच्या व्हॉट्सअॅपवरून आलेला नियम धरू नका, आपल्या अभ्यासक्रमाचं परिपत्रक काढून वाचा.

याची उलटी बाजू घराघरांत रडारड करवते. वायडी लागला, म्हणजे इयर डाऊन झालं, की आईवडील म्हणतात, ‘सगळं वर्ष पाण्यात गेलं.’ वर्गातली जागा गेली हे खरं, पण कमावलेले क्रेडिट कुठेही जात नाहीत. सुटलेले विषय सुटलेलेच राहतात, राहिलेल्यांचीच परीक्षा द्यायची असते. टर्म ग्रँट झालेली असेल तर त्या विषयांना पुन्हा वर्गात बसावं लागत नाही. खरी अडचण टर्मच ग्रँट न झालेल्याची. त्याला परीक्षेलाच बसता येत नाही, हजेरीसकट सगळं पुन्हा करावं लागतं. नापास होणं आणि डिटेन होणं, म्हणजे टर्मच ग्रँट न होणं, यांना एकच शब्द वापरणाऱ्या पालकांना मी दर वेळी थांबवतो.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर वर्ग आणि क्रेडिट यांतला हा फरक जास्त महागात पडू लागलाय. एक वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. त्यासाठी अनुक्रमे किमान ४० आणि ८० क्रेडिट जमा हवेत, शिवाय ठरवून दिलेला जादा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप. एखादा एटीकेटीवर टीवायला बसलाय, नोकरी लागली म्हणून शिक्षण सोडतोय आणि डिप्लोमा मागतोय, पण खात्यावर क्रेडिट ७४. तो तिसऱ्या वर्षात बसला होता याचा इथे काही उपयोग नाही. अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे २०२१ च्या यूजीसीच्या नियमांनी आलेलं एबीसी खातं, फक्त कमावलेले क्रेडिट ओळखतं. तेही साधारणपणे सात वर्षांपर्यंतच वापरता येतात. खात्यात आकडा कमी दिसला, तर ‘विद्यापीठाने अपलोड केलं नाही’ म्हणण्याआधी गुणपत्रिकेशी ताडून पाहा. अपलोड राहून जातं, तेही मी पाहिलंय, पण बरेचदा विषयच राहिलेला असतो.

मध्येच ‘कॅरी ऑन’ची मागणी होते, म्हणजे निम्मे क्रेडिट नसले तरी पुढच्या वर्गात बसू द्या, अशी. मागणीमागची तळमळ मला कळते, एक वर्ष घरी बसणं सोपं नाही. पण ती मान्य झाली तरी फक्त बोनाफाईडवरचं वर्ष बदलतं. गुणपत्रिकेतले ते विषय तिथेच असतात, आणि आता त्यांच्याबरोबर नव्या वर्षाचे पेपरही द्यायचे असतात.