घराला जन्मसाल एकच नसतं

जुन्या घराचा फोटो कुणी टाकला की खाली पहिला प्रश्न ठरलेला, हे कधीचं आहे? आणि दारावर एखादं साल कोरलेलं दिसलं की विषयच संपतो. पण ते साल बऱ्याचदा नंतरच्या एखाद्या दुरुस्तीचं असतं, कधी तर घरातल्या लग्नाचं.

वेल्समधलं किलेवेन्ट नावाचं शेतघर घ्या. मूळचं क्लायरवेन नदीच्या खोऱ्यातलं, आता कार्डिफजवळ सेंट फॅगन्सच्या खुल्या म्युझियममध्ये आणून परत उभं केलंय. एकाच लांब छपराखाली एका टोकाला माणसं आणि दुसऱ्या टोकाला गुरं. १४७० च्या सुमाराला ते लाकडी सांगाड्याचं बांधलं आणि १७३४ मध्ये भिंती दगडी केल्या. मग जन्मसाल कुठलं धरायचं? माझ्या मते दोन्ही.

पहिलं रूप कसं असायचं ते तिथल्याच हेन्द्रेर-अविद इखाव या घरात दिसतं, ते १५०८ चं. ओकचे वाकडे खांब जोडीनं उभे करून वर आढ्यापाशी टेकवलेले, कुडाच्या भिंती, खिडक्यांना काच नाही, आणि चूल खोलीच्या मधोमध जमिनीवर. धुराडं नाहीच! धूर वर छपरात साठायचा आणि फटींतून बाहेर जायचा. त्यामुळं वर माळा घालायची सोय नाही, घातला तर वरचा माणूस गुदमरणार. पुढं सोळाव्या-सतराव्या शतकात अशा घरांमध्ये धुराडं आलं, धूर गेला, वरची जागा मोकळी झाली, मग लोकांनी मधे तुळया टाकून मजला केला. आज अशा घरात माळ्यावर टॉर्च घेऊन चढलात आणि वासे काजळीनं काळे दिसले तर समजायचं की खाली कधीतरी उघडी चूल होती आणि हा मजला नंतरचा आहे.

आता साल कसं काढतात, हा माझा सगळ्यात आवडता भाग. वलयं मोजून झाडाचं वय कळतं हे आपण शाळेत शिकलो, पण वय कळलं म्हणून ते झाड कुठल्या साली तोडलं ते कळत नाही. खरी मेख रुंदीत आहे. ओक वसंतात मोठ्या छिद्रांचं लाकूड तयार करतो, उन्हाळ्यात घट्ट, म्हणून दरवर्षीची रेघ स्पष्ट. चांगल्या वर्षी वलय रुंद, वाईट वर्षी अरुंद, आणि त्या भागातल्या बहुतेक ओकांचा हा चढउतार सारखाच. जिवंत झाडापासून सुरुवात करून, मग जुन्या तुळया, मग आणखी जुन्या, असे एकमेकांवर चढणारे तुकडे जोडत शेकडो वर्षांची पट्टी तयार करतात. नवा नमुना आला की आधी त्यातून झाडाच्या वयामुळं येणारा फरक काढून टाकायचा (कोवळं झाड मुळातच रुंद वलयं घालतं), मग कॉम्प्युटर तो नमुना पट्टीवर एकेक वर्ष सरकवत प्रत्येक जागी किती जुळतंय ते तपासतो, त्याचा टी-व्हॅल्यू (जुळणी किती पक्की ते सांगणारा आकडा) ३.५ च्या वर गेला तर लक्ष द्यायचं, पण तेवढ्यावर साल जाहीर करायचं नाही, वेगवेगळ्या पट्ट्यांशी त्याच जागी जुळलं पाहिजे.

खोडाच्या सालीखालचं शेवटचं वलय शाबूत असेल तर कुठल्या ऋतूत झाड तोडलं तेसुद्धा सांगता येतं. तासताना बाहेरचं कोवळं लाकूड गेलं असेल तर अंदाज, कारण वेल्सच्या ओकमध्ये या कोवळ्या भागात साधारण ११ ते ४१ वलयं असतात. आणि तोडल्याचं साल म्हणजे जवळपास बांधल्याचंच, कारण वाळलेला ओक कुऱ्हाडीला दाद देत नाही, सुतार तो ओलाच वापरायचे.

म्हणूनच तिकडच्या एखाद्या जुन्या घरात 'ही तुळई जुन्या जहाजाची आहे' असं कुणी सांगितलं की मला राग येतो. तुळईत रिकामी खाच दिसली की लगेच जहाज! अहो, ती काढून टाकलेल्या कुडाची असते, नाहीतर आधीच्या घरातून आणलेल्या लाकडाची. तसंच वेल्समधल्याच गॉवर भागातल्या केनिक्स्टन घराचं. १६१० मध्ये बांधलं, मग १६८० आणि १७५० च्या सुमारास वाढवलं, पण लोकांच्या लक्षात राहतात त्याच्या लाल भिंती, लाल रंगानं वाईट शक्ती दूर राहतात म्हणे. घर टिकतं ते छप्पर वेळेवर शाकारल्यामुळं, रंगामुळं नाही.

एक अडचण मात्र होती. भराभर वाढलेल्या ओकमध्ये वलयं कमी असतात आणि चढउतारही फारसा नसतो, मग काही जुळतच नाही. यावर वेल्समधल्या स्वान्सी विद्यापीठाच्या लोकांनी रुंदीऐवजी वलयातल्या सेल्युलोजमधला ऑक्सिजन मोजला. ऑक्सिजन-१८ आणि ऑक्सिजन-१६ (ऑक्सिजनचेच जड आणि हलका असे दोन प्रकार) यांचं प्रमाण त्या उन्हाळ्याच्या पावसाप्रमाणे बदलतं आणि झाड मजेत वाढत असलं तरी ते नोंदलं जातंच. २०१९ मध्ये त्यांनी मध्य इंग्लंडसाठी १२०० सालापासूनची अशी पट्टी प्रसिद्ध केली. म्हणजे वलयं कमी आहेत म्हणून ज्या तुळयांचं साल काढायचं राहून गेलं, त्यांचे नमुने आता पुन्हा बाहेर काढून तपासता येतात.